यरीहोचा अंतरपाट

'इट हॅपन्ड वन नाइट' हा फ्रँक काप्राचा चित्रपट फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. बापाच्या तावडीतून पळालेली कोट्यधीशाची मुलगी आणि नोकरी गमावलेला वार्ताहर यांची रात्रीच्या बसमध्ये गाठ पडते, मायामी ते न्यूयॉर्क या वाटेवर दोघे सतत भांडतात आणि भांडता भांडता प्रेमात पडतात, एवढीच त्याची गोष्ट. न जुळणाऱ्या जोडीचे जुळणे हा विषय नाटक-कादंबऱ्यांना तेव्हाही नवा नव्हता. काप्रा आणि पटकथाकार रॉबर्ट रिस्किन यांचे वेगळेपण असे, की प्रेमाची भाषा त्यांनी जवळजवळ वापरलीच नाही. तिकिटाचे पैसे कोण देणार, न्याहारीला काय परवडते, एका खोलीत दोघांनी निजायचे कसे, अशा साध्या व्यवहारांतून त्यांनी ही दोन माणसे एकमेकांजवळ आणली. नव्वद वर्षे उलटूनही चित्रपट ताजा राहिला आहे तो या व्यवहारांमुळे.

मूळ कथा सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांची. 'नाइट बस' या नावाने ती १९३३ च्या ऑगस्टमध्ये 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात आली. पाम स्प्रिंग्जमध्ये केस कापायला गेलेल्या काप्राच्या हाती ते मासिक लागले, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. कोलंबिया पिक्चर्सने हक्क घेतले, पण पटकथा काही केल्या जमेना. नायिकेबद्दल जिव्हाळा वाटत नव्हता आणि नायक सामान्य प्रेक्षकाच्या ओळखीचा नव्हता. काप्राचा लेखकमित्र माइल्स कॉनोली याने तोड सुचवली : नायक वार्ताहर करा, आणि नायिकेचा हट्टीपणा श्रीमंतीच्या कंटाळ्यातून आलेला दाखवा. पुढे चित्रपटाला जे यश मिळाले त्याचे मूळ या सल्ल्यात आहे. वार्ताहराला नायिकेची बातमी हवी असते, नायिकेला त्याची सोबत हवी असते. म्हणजे प्रेमाच्या आधी दोघांत सौदा ठरतो आणि कथेला पहिल्या प्रसंगापासून ताण मिळतो. कथेचे नावही बदलले गेले, कारण बसप्रवासावरचे काही चित्रपट त्या सुमारास पडले होते.

कोलंबिया तेव्हा हॉलीवूडमधली गरीब कंपनी होती. हॅरी कोन तिचा मालक. स्वतःचे मोठे तारे नसल्यामुळे तो ते इतर स्टुडिओंकडून मागून आणत असे. क्लार्क गेबल असा एमजीएमकडून आला, क्लॉडेट कोलबेर पॅरामाउंटकडून. त्याआधी कित्येक नामवंतांनी नकार दिला होता. कोलबेरलाही काप्राबरोबर काम करण्याची इच्छा नव्हती. १९२७ मध्ये त्याच्याच दिग्दर्शनाखाली तिने केलेला 'फॉर द लव्ह ऑफ माइक' सपशेल पडला होता. तिने नेहमीच्या दुप्पट, म्हणजे ५० हजार डॉलर मागितले आणि नाताळच्या सुट्टीआधी, चार आठवड्यांत काम संपले पाहिजे अशी अट घातली. दोन्ही मान्य झाले. एकूण खर्च सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास ठेवायचा होता, त्यामुळे भपकेबाज सेट आणि पोशाख आपोआपच वगळले गेले. नायिका बराचसा चित्रपट एकाच प्रवासी पोशाखात वावरते. कथेला नेमकी हीच काटकसर हवी होती.

चित्रपटाचा काळ लक्षात घेतल्याशिवाय त्याची खरी गोडी कळत नाही. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतर आलेल्या महामंदीने १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामकऱ्यांपैकी एकाला बेकार केले होते. रेल्वेचे तिकीट परवडत नाही म्हणून माणसे लांब पल्ल्याच्या बसने जात आणि महामार्गालगतच्या 'ऑटो कॅम्प'मध्ये उतरत. ऑटो कॅम्प म्हणजे मोटारवाल्यांसाठी बांधलेल्या स्वस्त, सुट्या खोल्या, आंघोळीची सोय सगळ्यांना मिळून एक. प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी हा प्रवास स्वतः केलेला होता. पडद्यावर त्यांना आपल्याच बसमध्ये एक कोट्यधीशाची मुलगी अवघडून बसलेली दिसली.

एली अँड्र्यूज ही ती मुलगी. किंग वेस्टली या नावाजलेल्या वैमानिकाशी तिने बापाला न विचारता लग्न उरकले आहे. दोघांचा संसार सुरू होण्याआधीच बापाने तिला मायामीजवळ आपल्या नौकेवर अडकवून ठेवले आहे आणि ते लग्न रद्द करवण्याच्या खटपटीत तो आहे. ती पाण्यात उडी मारते, पोहत किनारा गाठते आणि न्यूयॉर्कची बस पकडते. त्याच बसमध्ये पीटर वॉर्न चढतो. संपादकाशी भांडून नुकताच बेकार झालेला, थोडी चढलेली. मागच्या बाकावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले असतात. तो ते खिडकीबाहेर भिरकावतो, त्यावरून ड्रायव्हरशी हुज्जत घालतो आणि वळून पाहतो तो त्या मोकळ्या जागेवर एली बसलेली. रिकाम्या केलेल्या जागेच्या या भांडणातच दोघांचा स्वभाव पुरता कळतो. तो हक्कासाठी झगडणारा. तिला तर हक्क मागायची वेळच कधी आलेली नाही.

तिचे जगाविषयीचे अज्ञान काप्रा छोट्या गोष्टींतून दाखवत जातो. एका थांब्यावर ती ड्रायव्हरला सांगते, मला थोडा उशीर होईल, बस थांबवून ठेवा. बस अर्थातच निघून जाते. तिची बॅग चोरीला जाते. उरलेल्या मोजक्या पैशांतून ती चॉकलेटचा डबा घ्यायला निघते तेव्हा पीटर विक्रेत्याला परत पाठवतो आणि तिच्या खर्चाची सूत्रे स्वतःकडे घेतो. ऑटो कॅम्पमध्ये सकाळी आंघोळीसाठी बायकांची रांग लागलेली असते. एली सरळ पुढे जाते आणि हिणवणी ऐकून परत फिरते. मग न्याहारी : एक अंडे, एक डोनट, काळी कॉफी. डोनट कॉफीत बुडवण्याचीही एक कला असते, फार वेळ बुडवला तर मोडतो, हे पीटर तिला गंभीरपणे शिकवतो. गरिबाकडे जगण्याचे कसब असते आणि श्रीमंताला ते शिकावे लागते, हा विचार काप्राने दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात इतक्या हलक्या हाताने मांडलेला नाही.

सर्वांत जास्त लक्षात राहते ती याच कॅम्पमधली पहिली रात्र. पावसाने पूल वाहून गेला आहे, बस अडली आहे, दोघांच्या खिशात मिळून एकाच खोलीचे पैसे आहेत. पीटरने नोंदवहीत नवरा-बायको म्हणून नावे लावली आहेत. एली दारातच थबकते. तो काही न बोलता दोन खाटांच्या मध्ये एक दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि सांगतो, ही यरीहोची भिंत, आणि आपल्याकडे रणशिंग नाही. एली हलत नाही हे पाहून पुरुष कपडे कसे उतरवतात याचे तो प्रात्यक्षिकच सुरू करतो. सदरा निघतो, आत बनियन नाही. (गेबलचे ते उघडे अंग पाहून अमेरिकेत बनियनांचा खप घसरला ही दंतकथा या प्रसंगातून निघाली.) मग मात्र एली पळत भिंतीपलीकडे जाते. दिवे मालवले जातात. छायाचित्रकार जोसेफ वॉकरने इथे खोलीत फार थोडा प्रकाश ठेवला आहे. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी तेवढे चमकते. ब्लँकेट पलीकडून हलते, त्याच्यावर तिचे अंतर्वस्त्र येऊन पडते, आणि पीटर ओशाळल्या आवाजात ते काढून घ्यायला सांगतो. आतापर्यंत सगळी बडबड त्याची असते. या एका क्षणी पारडे फिरते.

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहराच्या तटाची कथा येते. इस्राएली लोक सहा दिवस रोज एकदा आणि सातव्या दिवशी सात वेळा शहराला फेरी घालतात, याजक रणशिंगे फुंकतात, लोक आरोळी ठोकतात आणि तट कोसळतो. अमेरिकी प्रेक्षकाला ही कथा बालपणापासून ठाऊक असल्याने भिंतीचे नाव घेताच ती पडणार हेही त्याला कळते. मराठी प्रेक्षकाला याहून जवळची खूण सापडते ती अंतरपाटाची. वधूवरांमध्ये धरलेला तो कापडाचा तुकडा कोणालाही अडवू शकत नाही, पण मंगलाष्टके संपेपर्यंत तो ओलांडायचा नाही हे दोघांना मान्य असते. पीटरच्या ब्लँकेटची ताकदही तेवढीच आणि तशीच. काप्राला अंतरपाट माहीत असण्याचे काही कारण नाही. लग्नाआधीचे अंतर कापडाने दाखवण्याची ही कल्पना कथेतूनच आलेली आहे.

दुसऱ्या दिवशी बापाने नेमलेले गुप्तहेर खोल्या धुंडाळत येतात तेव्हा दोघे क्षणात भांडखोर नवरा-बायको बनतात. तो ओरडतो, ती रडते, गुप्तहेर ओशाळून निघून जातात आणि मग दोघे पोट धरून हसतात. नाटक करता करता जोडपे बनण्याची ही सुरुवात. पुढे बसमध्ये भुकेने एक बाई कोसळते, तिचा मुलगा रडू लागतो आणि दोघांजवळचे उरलेसुरले पैसे त्या मुलाच्या हातात जातात. हसत्या चित्रपटात मंदी एवढी उघडी फक्त इथे दिसते. त्यानंतर बस सोडून पायपीट, ओढा ओलांडताना पीटरच्या खांद्यावर एली, गवताच्या गंजीवर रात्र आणि कच्ची गाजरे. येणाऱ्या मोटारी थांबवण्यासाठी अंगठा दाखवण्याचे तीन प्रकार पीटर ऐटीत करून दाखवतो आणि एकही मोटार थांबत नाही. एली घोटा-गुडघा दिसेल इतका घागरा वर उचलते, आणि पहिलीच मोटार करकचून थांबते. या प्रसंगाला कोलबेरने आधी नकार दिला होता. दुसऱ्या मुलीचे पाय वापरायचे ठरताच ती स्वतः तयार झाली.

न्यूयॉर्कजवळच्या शेवटच्या कॅम्पमध्ये एली ब्लँकेट ओलांडून येते आणि आपले प्रेम बोलून दाखवते. पीटर तिला परत पाठवतो. ती झोपल्यावर तो रातोरात शहरात जातो आणि स्वतःच्याच प्रेमाची बातमी संपादकाला हजार डॉलरना विकतो. रिकाम्या खिशाने मागणी घालायची नाही, एवढाच त्याचा हट्ट असतो. इकडे त्याने आपल्याला टाकले असे समजून एली बापाला फोन करते, बापही विरोध सोडतो आणि वेस्टलीशी थाटामाटाचे दुसरे लग्न ठरते.

यानंतरचा हिशेबाचा प्रसंग प्रेमपटांच्या इतिहासात एकमेव म्हणावा असा आहे. मुलीचा पत्ता सांगणाऱ्याला बापाने १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केलेले असते. पीटर त्याच्यासमोर येऊन मागतो फक्त ३९ डॉलर ६० सेंट. यादी तयार असते : रोख खर्च ८.६०, आणि वाटेत विकावा लागलेला ओव्हरकोट १५, सूटकेस ७.५०, हॅट ४ आणि तीन सदरे ४.५०. धनादेश लिहिता लिहिता म्हाताऱ्याला उमगते, की पैशावर डोळा नसलेला हा पहिलाच माणूस आपल्या मुलीच्या वाट्याला आला आहे. मुलीवर प्रेम आहे का, असे तो खोदून खोदून विचारतो तेव्हा पीटर चिडून कबुली देतो. वॉल्टर कॉनोलीने हा बाप इतका समंजस रंगवला आहे, की विरोधकापासून मध्यस्थापर्यंतचा त्याचा प्रवास कुठेही खटकत नाही. वेस्टली हेलिकॉप्टरसारख्या ऑटोजायरोतून लग्नाला उतरतो. मुलीला वेदीकडे नेताना बाप तिच्या कानात सगळे सांगतो, फाटकाशी मोटार उभी असल्याचेही. ती झग्याचा लांब घोळ सावरत पळ काढते.

शेवटच्या दृश्यात नायक-नायिका दिसतच नाहीत. एका कॅम्पचे मालक नवरा-बायको आपसांत बोलतात, की त्या जोडप्याला दोरी, ब्लँकेट आणि खेळण्यातले शिंग कशाला हवे असेल. वेस्टलीशी झालेले लग्न कायद्याने रद्द झाल्याची आणि भिंत आता पडू द्यावी अशी तार बापाकडून आलेली असते. शिंग वाजते, ब्लँकेट जमिनीवर पडते, दिवा मालवतो. सबंध चित्रपटात या दोघांचे एकही चुंबन नाही. हॉलीवूडची नीतिनियमावली १९३० मध्ये तयार झाली असली तरी तिची कडक अंमलबजावणी १९३४ च्या जुलैपासूनची, म्हणजे काप्राला एवढ्या संयमाची सक्ती नव्हती.

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये चित्रपट एकच आठवडा चालला. लहान गावांत मात्र तो तोंडोतोंडी पसरला आणि तिथेच त्याचे नशीब उजळले. २७ फेब्रुवारी १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात ऑस्कर समारंभ झाला. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि रूपांतरित पटकथा ही पाचही नामांकने विजयात बदलली. हे पाचही पुरस्कार एकाच चित्रपटाला मिळण्याचे पहिल्यांदाच घडले; पुढे 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' (१९७५) आणि 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) या दोघांनाच ते साधले. बक्षिसाची आशा नसलेली कोलबेर न्यूयॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती. तिला प्रवासाच्या कपड्यांतच समारंभाला आणले गेले. 'माय मॅन गॉडफ्री', 'द ऑफुल ट्रुथ', 'ब्रिंगिंग अप बेबी' हे पुढच्या चार वर्षांतले चित्रपट याच वळणावर गेले, आणि बेसबॉलमधल्या अनपेक्षित वळणाऱ्या चेंडूवरून या प्रकाराला 'स्क्रूबॉल' विनोदिका हे नाव रूढ झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत चित्रपट १९९३ मध्ये घेतला गेला.

१९५६ या एकाच वर्षी त्याची दोन रूपांतरे आली. कोलंबियाने स्वतः 'यू कान्ट रन अवे फ्रॉम इट' काढला आणि मद्रासच्या एव्हीएमने अनंत ठाकूर यांच्या दिग्दर्शनाखाली राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी'. हिंदी रूपांतरात नायिकेचे आधीचे लग्न गळाले, कारण विवाहितेचे परपुरुषाबरोबर भटकणे इथे पचले नसते. वैमानिक तेवढा प्राणच्या रूपाने राहिला. हिशेबाच्या जागी शंकर-जयकिशनची गाणी आली आणि त्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये महेश भट्टने आमिर खान आणि पूजा भट्टला घेऊन 'दिल है के मानता नहीं' केला, मुंबई ते बंगलोर अशा बसच्या वाटेवर. वैमानिकाचा तिथे चित्रपटतारा झाला, मंदीचा मागमूस उरला नाही. बाप मात्र शाबूत राहिला : नवरीच्या वेशातल्या मुलीला ऐन लग्नातून पळून जा म्हणून सांगणारा अनुपम खेरचा सेठ धरमचंद थेट वॉल्टर कॉनोलीच्या वंशातला आहे.