केसांत जट का होते, आणि ती कापली तर काय होते?

न्हाऊन झाल्यावर केस विंचरायला घ्यावेत आणि मानेजवळ कंगवा अडावा. तेल लावून, ओढून पाहिले तरी गुंता सुटत नाही. चार दिवसांत तो भाग दोरखंडासारखा कडक होतो. मग घरातले किंवा शेजारचे कोणीतरी म्हणते, "देवीची जट आहे, आता कंगवा लावू नकोस." अनेक घरांत जटेची सुरुवात अशीच होते. कंगवा थांबला की जट वाढत जाते आणि तिच्याबरोबर भीतीही वाढते.

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या डोक्यात जट असेल, तर पुढची माहिती शांतपणे वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

जट म्हणजे नेमके काय?

केस वरून गुळगुळीत दिसला तरी त्याच्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. पाणी, साबण आणि जोराचे घासणे यामुळे हे खवले उघडतात आणि शेजारच्या केसांत अडकतात. लोकर ओली करून चोळली की तिचे घोंगडीसारखे घट्ट कापड बनते. जटेतही तेच होते.

दुसरे कारण गळणाऱ्या केसांचे. निरोगी माणसाचेही रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरताना ते निघून जातात. विंचरले नाही, तर ते डोक्यावरच राहतात आणि चालू केसांभोवती गुंडाळले जातात. त्यात तेल, धूळ, घाम आणि कोंडा मिसळला की गुंता चिकटून पक्का होतो.

"माझे केस कधी कमरेच्या खाली गेले नाहीत, मग जट गुडघ्यापर्यंत कशी आली?" असे बऱ्याच जणी विचारतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि काही वर्षांनी गळतो, म्हणून मोकळ्या केसांच्या लांबीला मर्यादा असते. जटेतला गळलेला केस मात्र खाली पडत नाही, नव्या केसांना धरून राहतो. त्यामुळे जट मोकळ्या केसांपेक्षा जास्त लांब होऊ शकते. त्यात चमत्कार नाही.

कोणाला जट होऊ शकते?

- लांब केस डोक्यावर गोळा करून, गोल गोल चोळून धुणाऱ्यांना. कधीकधी एकाच न्हाण्यात घट्ट गुंता होतो. तो अचानक झाल्यामुळे "अंगात आले" असे वाटते.
- बाळंतपण, टायफॉईड, डेंग्यू किंवा मोठ्या आजारानंतर. अशा वेळी साधारण दोन ते चार महिन्यांनी केस नेहमीपेक्षा जास्त गळतात. त्याच काळात विंचरणे राहिले तर गुंता लवकर होतो.
- बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना. डोक्याची मागची बाजू उशीवर सतत घासली जाते.
- उवा किंवा डोक्यात फोड असणाऱ्यांना. खाजवून गुंता होतो, आणि फोडातला पू वाळला की केस एकमेकांना चिकटतात.
- नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा स्मृतिभ्रंश यामुळे स्वतःची काळजी घेणे ज्यांना जमत नाही त्यांना.

हे फक्त आपल्याकडेच होते का?

नाही. युरोपात पोलंडमध्ये जटेला 'कोल्तून' म्हणत. जट कापली तर माणूस आंधळा होईल किंवा आजार अंगात शिरेल, अशी समजूत तिथे शेकडो वर्षे होती. १९ व्या शतकात क्राको शहरातले डॉक्टर युझेफ डिटल यांनी जट असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. हा अस्वच्छतेतून झालेला गुंता आहे आणि तो कापल्याने काही होत नाही, हे त्यांनी लोकांना सांगितले. तिथली ती समजूत आता मागे पडली आहे.

आपल्याकडे जटेला हळदकुंकू वाहतात. पूर्वी जट आलेल्या मुलींना यल्लम्माला सोडून देवदासी केले जाई. एका केसांच्या गुंत्यामुळे त्या मुलींचे सगळे आयुष्य बदलून गेले. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून अनेक स्त्रियांच्या जटी कापल्या आहेत.

जट ठेवल्याने काय त्रास होतो?

मानदुखी आणि डोकेदुखी ही नेहमीची तक्रार. स्त्रिया मानदुखीच्या गोळ्या मागायला येतात, पण डोक्यावरचा पदर काढायला संकोचतात. जट पाणी धरून ठेवते, त्यामुळे न्हाल्यावर ती आणखी जड होते आणि आतून लवकर वाळत नाही. अशा दमट जागी उवा, जंतुसंसर्ग आणि दुर्गंधी हे सगळे येते. जखम झाली आणि ती दिसली नाही, तर तिच्यात अळ्याही पडू शकतात. वर्षानुवर्षे ओढ बसली की मुळे कमजोर होतात आणि त्या जागी कायमचे टक्कल पडू शकते.

याशिवाय कुशीवर नीट झोपता येत नाही, लग्नकार्यात जावेसे वाटत नाही, लोक शेजारी बसत नाहीत. हा त्रास तपासणीत दिसत नसला तरी खरा आहे.

जट कापली तर काय होते?

त्वचेच्या बाहेर आलेल्या केसात रक्तवाहिनी नसते आणि मज्जातंतूही नसतो. म्हणून नुसता केस कापल्याने दुखत नाही आणि रक्त येत नाही. कापताना रक्त दिसले तर ते डोक्याच्या त्वचेला कात्री लागल्यामुळे किंवा आतल्या जखमेतून आलेले असते.

कापल्यावर एक-दोन दिवस डोके हलके, रिकामे वाटू शकते. मानेच्या स्नायूंना ओझ्याची सवय झालेली असते, म्हणून तसे वाटते. मनात धाकधूकही असते. पुढच्या काही महिन्यांत घरात कोणाला ताप आला किंवा जनावर दगावले, तर बोट जटेकडे दाखवले जाते. पण अशा गोष्टी जट असतानाही घडतच होत्या. त्या वेळी कोणी जटेला दोष दिला नव्हता, एवढे आठवून पाहा.

जट कशी काढावी?

गुंता नवीन आणि लहान असेल तर भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून तासभर थांबा. मग टोकाकडून सुरुवात करून, थोडे थोडे केस बोटांनी आणि रुंद दातांच्या कंगव्याने सोडवा. मुळाकडून ओढू नका.

जुनी, कडक जट सुटत नाही, ती कापावीच लागते. बहुतेक वेळा त्वचा आणि जट यांच्यामध्ये नव्याने वाढलेले थोडे मोकळे केस असतात. तिथे कात्री लावली की संपूर्ण टक्कल करावे लागत नाही. जट त्वचेला चिकटलेली असेल, दुखत असेल किंवा पू येत असेल तर घरी कापू नका, दवाखान्यात या.

उवांसाठी रॉकेल कधीही लावू नका. त्याने त्वचा भाजते आणि आगीचा धोका असतो. परमेथ्रिन १ टक्का हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने धुतलेल्या केसांना १० मिनिटे लावून धुतात आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावतात.

घरच्यांसाठी दोन शब्द

झोपेत किंवा जबरदस्तीने जट कापू नका. जिच्या डोक्यावर जट आहे तिने वर्षानुवर्षे ती भीती सोसली आहे. तिला विचारा, "कापल्यावर काय होईल असं तुला वाटतं?" उत्तर पूर्ण ऐका. तिची तयारी झाल्यावर, तिच्या विश्वासातली व्यक्ती शेजारी बसवून कापा. नंतरचे काही महिने तिची आपुलकीने विचारपूस करत राहा. लहान मुलीच्या केसांत गुंता दिसला तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी सोडवा.

जटेबरोबर झोप न लागणे, कानात आवाज येणे, सतत उदास राहणे असे काही असेल तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. 'टेली-मानस' या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आवडीने ड्रेडलॉक्स ठेवायचे असतील तर?

फॅशन म्हणून केलेले ड्रेडलॉक्स किंवा श्रद्धेने राखलेल्या जटा हा मोठ्या माणसाचा स्वतःचा निर्णय आहे. फरक इतकाच, की तो भीतीपोटी घेतलेला नसावा. ठेवायचेच असतील तर साधारण आठवड्याला एकदा डोक्याची त्वचा धुवा, साबण पूर्ण निघू द्या आणि लॉक्स आतपर्यंत वाळवा. ओले बांधून झोपू नका. मुळाशी घट्ट पीळ देऊ नका. कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ लागले किंवा बारीक पुळ्या आल्या, तर ओढ जास्त होत आहे असे समजा. फार लांब आणि जड झाले की लांबी कमी करा.

जट होऊ नये म्हणून

केस रोज विंचरा. धुताना डोक्यावर गोळा करू नका. पाणी वरून सोडा, शाम्पू फक्त त्वचेला बोटांनी लावा आणि केस वरून खाली सरळ धुवा. अंथरुणावरच्या रुग्णाच्या दोन सैल वेण्या घाला आणि त्या रोज सोडून विंचरा.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

जटेखाली वेदना, पू, रक्त किंवा अळ्या दिसल्या, मानेत गाठी आल्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. जट दाखवायला लाजू नका. आम्ही तिच्याकडे आजार म्हणूनच पाहतो, आणि हा बरा होणारा आजार आहे.