यंत्र वाजतं, पण कोणाच्या कानासाठी?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले. माहीम, वांद्रे, बोरिवलीबरोबर त्या यादीत आमचं मीरा रोडही होतं. त्यानंतर, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर तर अधिकच, मेटल डिटेक्टर रोजच्या वाटेवर आला. मॉलमध्ये, थिएटरात शिरताना हात पसरून उभं राहायची इथल्या बेव्हर्ली पार्कच्या रहिवाशांना सवय झाली. या काळात यंत्रं किती आणि कुठे हवीत, याची चर्चा पुष्कळ झाली. यंत्रांचा आवाज ऐकणाऱ्या सिक्युरिटीवाल्यांच्या कानांचा विषय मात्र राहून गेला.

खरं तर हे यंत्र कानाला लावूनच जन्मलं. १८७९ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी तारेच्या वेटोळ्यांना टेलिफोनचा रिसीव्हर जोडला. धातू जवळ आला की वेटोळ्यांतला समतोल ढळे आणि रिसीव्हरमध्ये आवाज येई. त्याच तत्त्वावर त्यांनी माणसाची श्रवणशक्ती मोजायचं उपकरणही केलं. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की यांच्या सुरुंगशोधकालाही हेडफोन होता. दारावर आलेल्या यंत्रात हेडफोनची जागा उघड्यावर वाजणाऱ्या बझरने घेतली.

हा बझर बहुधा बारीक, टोकदार आवाजाचा असतो. वय वाढतं तसे उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. गोंगाटात वर्षं काढलेल्यांचं नुकसान तर बहुधा ३००० ते ६००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सुरू होतं. त्यात गेटवर हॉर्न आणि जनरेटर. एका गेटवरचा पन्नाशी उलटलेला वॉचमन यंत्राकडे मान वाकवून, लाल दिव्यावर डोळे ठेवून तपासणी करायचा. एकदा त्याने मुठीजवळची कळ सरकवली. किल्ल्यांच्या जुडग्यावरून यंत्र गेलं तेव्हा मूठ थरथरली, आणि त्याची नजर समोरच्या माणसावरच राहिली.

ऐकू येत नाही म्हणून संवेदनक्षमता वाढवण्यात अर्थ नाही. मग पट्ट्याच्या बकलालाही यंत्र ओरडतं आणि खरा इशारा त्यात हरवतो. पाळी सुरू होताना प्रत्येकाने त्याच गेटवर, तिथल्याच गोंगाटात, खिशातल्या नाण्यावर यंत्र फिरवून पाहावं. आवाज पोचत नसेल तर पट्टी खाली आणावी, ती सोय नसेल तर एका कानात इअरफोन घालावा किंवा यंत्र थरथरीवर ठेवावं. कंत्राटदारांनी भरतीनंतर श्रवणचाचणी करावी, ती माणूस काढण्यासाठी नव्हे, त्याला जुळणारं यंत्र देण्यासाठी. इतक्या वर्षांत आपण दारोदारी यंत्रं बसवली. आता ती वापरणाऱ्याच्या कानाशी जुळवून देणं ही आपलीच जबाबदारी आहे.