विमानांची रोजकीर्द

सायंकाळी जुहूच्या किनाऱ्यावर उभे राहिले की सांताक्रूझकडून उठलेली विमाने एकामागून एक समुद्राकडे झेपावताना दिसतात. फिरायला आलेली माणसे क्षणभर मान वर करतात आणि पुन्हा आपल्या गप्पांत रमतात. मात्र एखादा तरुण डोळ्यांस दुर्बीण लावून, हातातील वहीत काही अक्षरे टिपत तेथेच उभा असतो. या छंदाला जगभर ‘प्लेन स्पॉटिंग’ म्हणतात. विमानाचा प्रकार, कंपनी, नोंदणी क्रमांक, दिनांक आणि वेळ एवढीच त्याची सामग्री. वरकरणी हा निरुद्योगीपणा वाटेल. परंतु रोजकीर्द आणि खतावणी यांचे मोल जाणणाऱ्या व्यापारी घराण्यांना त्याचे मर्म उमगण्यास वेळ लागू नये.

प्रत्येक नागरी विमानाला नोंदणी क्रमांक असतो. भारतीय विमानांच्या क्रमांकाचा आरंभ ‘व्हीटी’ या अक्षरांनी होतो. ही अक्षरे ब्रिटिश राजवटीतील असून आजही तीच चालू आहेत. त्यापुढील तीन अक्षरे ही त्या एका विमानाची ओळख. रंग बदलतो, प्रवासी बदलतात. पण नोंदणी क्रमांकावरून विमानाचा माग काढता येतो. जणू प्रत्येक विमानाचे एक स्वतंत्र खातेच.

मुंबईच्या विमानांची पहिली पाने जुहूलाच उघडली. तेथील धावपट्टी १९२८ सालची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे ‘पस मॉथ’ या एक इंजिनाच्या छोट्या विमानातून येथे उतरले. सोबत होते सुमारे २५ किलो टपाल. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची जमीन इतकी सखल होती की पावसाळ्यात धावपट्टी पाण्याखाली जाई. मग सारा पसारा पुण्याच्या येरवड्याला हलवावा लागे. भारतीय हवाई वाहतुकीचा व्यवसाय अशा बेताच्या भांडवलावर सुरू झाला.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा तळ ब्रिटिश हवाई दलाच्या उपयोगात होता. युद्धानंतर तो नागरी वाहतुकीसाठी खुला झाला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि एअर इंडियाची परदेश सेवा सुरू झाली.

जुहू आणि सांताक्रूझ या दोन धावपट्ट्यांतील अंतर थोडे आणि दिशा जवळजवळ एकच. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे ‘कॉमेट’ जेट चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. काही दिवसांनी ते तेथूनच उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीच्या ‘डीसी-८’ विमानाचीही तीच चूक झाली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

सर्वच पाने अशी सुदैवी नाहीत. १९७१ साली एअर इंडियाचे पहिले ‘जंबो’ विमान, ‘एम्परर अशोक’, मुंबईत आले. नोंदणी व्हीटी-ईबीडी. १ जानेवारी १९७८ रोजी दुबईकडे निघालेले हे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. ज्याच्या वहीत १९७१ सालची पहिली नोंद असेल, त्याला त्या रात्री ते खाते कायमचे बंद करावे लागले असेल. नोंद ठेवणाऱ्याला लाभाइतक्याच निष्ठेने हानीही लिहावी लागते, हे जमाखर्च लिहिणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभे राहिले. २०१४ साली त्याच्या जागी आजचे भव्य टर्मिनल दोन सुरू झाले. इमारती वाढल्या; जमीन वाढली नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करता येत नाही. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी चोवीस तासांत येथे १,००७ विमाने उतरली वा उडाली. म्हणजे सरासरी सुमारे ८६ सेकंदांना एक. नवी मुंबईच्या विमानतळाची निकड या एका आकड्यातून स्पष्ट होते. त्या विमानतळाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले.

घरातील मुलाला हा छंद लागला, तर पालकांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. विमानतळाच्या आवारात परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास भारतीय विमान नियमांनी मनाई आहे. २०१० साली दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानांच्या नोंदी करणाऱ्या दोन ब्रिटिश पर्यटकांना अटक झाली. त्यांचा हेतू निर्मळ होता; तरी दंड भरल्यावरच त्यांची सुटका झाली. तेव्हा कुंपणापासून दूर, जुहूच्या वाळूसारख्या मोकळ्या सार्वजनिक जागी उभे राहावे आणि पोलिसांनी हटकल्यास वही उघडून दाखवावी.

आज मोबाईलवरील ॲप डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे सारे तपशील क्षणात सांगते. मग वही कशाला? ॲपवर माहिती आयती मिळते. वहीत ती स्वतः पाहून, पडताळून लिहावी लागते. स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे आणि लिहिलेले खोडू नये, ही शिस्त मुलाला आकाशाकडे पाहता पाहता लागत असेल, तर दुर्बिणीवर झालेला खर्च योग्य खात्यातच पडला म्हणावयाचा.