प्रवासाचा स्थिर आकार

घरी येणारे विजेचे बिल आपण सगळेच पाहतो. त्यात दोन प्रकारचे आकार असतात. एक ‘स्थिर आकार’. महिनाभर घराला कुलूप असले, एकही दिवा लागला नाही, तरी तो भरावाच लागतो. दुसरा आकार वापरलेल्या युनिटांप्रमाणे वाढत जातो. वापर थोडा असेल तेव्हा बिलात स्थिर आकाराचेच वजन जास्त असते. वापर खूप असेल तेव्हा तो कोपऱ्यात पडून राहतो.

प्रवासाचेही नेमके असेच आहे. मुंबईहून अहमदाबादला जायचे आहे, असे समजू. मुंबई सेंट्रलपासून लोहमार्गाने हे अंतर ४९१ किलोमीटर आहे, रस्त्याने सुमारे ५३० आणि विमानाला साधारण ४५०. आगगाडीने जावे, विमानाने की मोटारीने? असा प्रश्न निघाला की आपण प्रथम वाहनांचे वेग आठवतो आणि विमान एका तासात पोचते म्हणून त्याला पहिला क्रमांक देऊन मोकळे होतो. पण प्रवासाच्या बिलातला स्थिर आकार या हिशेबात धरलेलाच नसतो. तो धरला की काय होते, ते वेळ, इंधन आणि धोका या तीन बाबतींत पाहू या. पहिल्या दोहोंचे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करता येते. तिसऱ्याचे थोडे जड आहे. पण तेच आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रथम वेळ. दारातून मोटार काढली की प्रवास सुरू, म्हणून मोटारीचा स्थिर आकार शून्य धरू. चहापाणी, पेट्रोल आणि पथकर नाके जमेस धरून सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर. आगगाडीसाठी घर ते स्टेशन पाऊण तास, गाडी सुटण्याआधी पाव तास आणि उतरल्यावर मुक्कामी पोचायला अर्धा तास, म्हणजे स्थिर आकार दीड तास. ३० सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेली वंदे भारत एक्सप्रेस हे अंतर साडेपाच तासांच्या आसपास कापते, म्हणून सरासरी वेग ताशी ९० धरू. आता विमान. घर ते विमानतळ एक तास, उड्डाणाआधी पावणेदोन तास, धावपट्टीकडे जाताना रांगेत पाव तास, उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि तिथून मुक्कामी पाऊण तास. बेरीज सव्वाचार तास! प्रत्यक्ष उड्डाणाचा वेग ताशी ५०० धरला, तर हवेतला काळ तासाभराहूनही कमी आहे.

हे आकडे आम्ही अंदाजाने घेतले आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. आमच्या आकड्यांनी मोटारीला जवळजवळ नऊ तास लागतात, आगगाडीला सात आणि विमानाला सव्वापाचच्या आत. म्हणजे विमान जिंकते खरे; पण नऊ विरुद्ध एक असे नव्हे. आगगाडीपेक्षा पावणेदोन-दोन तासांनी जिंकते, इतकेच.

आता आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन तिन्ही वाहनांच्या रेषा काढू. सोयीसाठी तिन्ही मार्गांची लांबी सारखीच मानू. मोटारीची रेषा आरंभबिंदूतून निघते, पण तिचा चढ मोठा. विमानाची रेषा सव्वाचार तासांवरून निघते आणि जवळजवळ आडवी जाते. आगगाडी या दोहोंच्या मधली. मोटार आणि आगगाडी यांच्या रेषा कुठे छेदतात? अंतर भागिले ६० बरोबर दीड अधिक अंतर भागिले ९०. हे समीकरण सोडवले की उत्तर येते २७० किलोमीटर. आगगाडी आणि विमान यांच्या रेषा सुमारे ३०० किलोमीटरवर छेदतात. म्हणजे २७० च्या आत मोटार लवकर पोचते, ३०० च्या पुढे विमान, आणि बिचाऱ्या आगगाडीच्या वाट्याला मधला तीस किलोमीटरचा पट्टा!

खरी गंमत पुढे आहे. स्थिर आकार तोच ठेवून आगगाडीचा सरासरी वेग ताशी १६० करा. तिचा पट्टा आता १४४ पासून जवळजवळ ६५० किलोमीटरपर्यंत पसरतो. वेग २४० केला तर १२० पासून १२५० च्याही पुढे. वेग पावणेतीनपटही झाला नाही, पण पट्टा तीस किलोमीटरवरून हजाराच्या वर गेला. रेषा एकमेकींशी लहान कोन करून छेदत असतील, तर एकीचा चढ जरासा बदलल्यानेही छेदनबिंदू खूप दूर सरकतो. विद्यार्थ्यांना हे शब्दांत सांगून पटत नाही. आलेखाच्या कागदावर पट्टी फिरवून दाखवले की लगेच पटते.

जगात घडले आहे तेही असेच. जपानमध्ये टोकियो ते ओसाका या ५१५ किलोमीटरच्या मार्गावर १ ऑक्टोबर १९६४ पासून शिंकान्सेन धावते. आज तिला अडीच तासही लागत नाहीत. स्पेनमध्ये माद्रिद ते बार्सिलोना हा युरोपातील सर्वांत गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक होता. २००८ मध्ये तिथे अतिवेगवान रेल्वे आली, सुमारे ६२० किलोमीटरचे अंतर अडीच तासांवर आले आणि विमानाचे बहुतेक प्रवासी रेल्वेकडे वळले. मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर ताशी ३२० किलोमीटर वेगाने गाड्या चालवण्याची योजना आहे. हा खर्च आपल्या देशाला परवडतो का, हा वाद आम्ही इथे उकरत नाही. पण ‘विमान असताना कशाला?’ हा आक्षेप मात्र वरच्या आलेखापुढे टिकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. सगळे तास सारखे नसतात. आगगाडीतले साडेपाच तास सलग असतात, उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा त्यात सहज तपासून होतो. विमानप्रवासातले पाच तास तुकड्यातुकड्यांचे, आणि त्यांतला बराच काळ रांगेत उभे राहण्यात जातो. मोटार चालवणाऱ्याच्या हाती तर एकही तास उरत नाही. गुजरात मेल रात्री निघून सकाळी अहमदाबादला पोचवते. ते तास एरवीही झोपेत जाणार असतील, तर ते हिशेबात का धरावेत?

आता इंधन. सुमारे १८० आसनांच्या विमानाला साडेचारशे किलोमीटरच्या उड्डाणासाठी साधारण अडीच टन इंधन लागते. अंतर दुप्पट केले तर इंधन दुप्पट लागत नाही, दीडपटच लागते. म्हणजे इथेही स्थिर आकार आहे. तो कशाचा? चढण्याचा. साठ टनांचे विमान आठ किलोमीटर उंचीवर न्यायचे आणि त्याला सेकंदाला दोनशे मीटर वेग द्यायचा, यासाठी स्थितिज आणि गतिज मिळून सुमारे ५९० कोटी ज्यूल ऊर्जा लागते. एक किलो इंधनातून ४.३ कोटी ज्यूल मिळतात आणि इंजिन त्यांतली तीस टक्के कामी लावते असे मानले, तर नुसत्या चढण्यालाच साडेचारशे किलो इंधन जाते. उतरताना यातला काही भाग परत मिळतो, कारण विमान तेव्हा घसरगुंडीसारखे खाली येते. पण लांबच्या उड्डाणात हा खर्च हजारो किलोमीटरवर वाटला जातो आणि जवळच्या उड्डाणात चढले न चढले तोच उतरायची वेळ येते.

अडीच टन म्हणजे तीन हजार लिटरच्या वर. विमान बऱ्यापैकी भरलेले असेल तर माणशी सुमारे वीस लिटर. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला ५३० किलोमीटरसाठी ३५ लिटर लागतात. चौघे असतील तर माणशी नऊ लिटर, विमानाच्या निम्म्याहून कमी. दोघे असतील तर विमानाच्या जवळपास. आणि एकटाच माणूस गेला तर विमानातल्या प्रवाशाहून पाऊणपट अधिक! ‘मोटार काटकसरीची की विमान?’ या प्रश्नाला उत्तर नाही. किती माणसे, हे आधी सांगितले पाहिजे.

आगगाडी या स्पर्धेत उभीच नाही, इतकी ती पुढे आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. दोहोंचा स्पर्श नखाएवढ्या जागेत होतो. सपाट मार्गावर एक टन वजन ओढत ठेवायला एक-दोन किलो भाराचे बल पुरते. रबरी टायर सतत चेपतो आणि फुगतो, त्याला सुमारे दहा किलो लागते. शिवाय सोळा डबे एकामागे एक असल्याने हवा कापायचे काम पहिल्या डब्यावर जास्त पडते, बाकीचे त्याच्या आडोशाने जातात. सोळा डब्यांच्या वंदे भारतमध्ये ११२८ आसने आहेत. रुळावरील घर्षण, हवेचा रोध, थांबे आणि वातानुकूलन धरून आमच्या अंदाजाने या प्रवासाला माणशी पाच-सहा युनिट वीज पुरावी. सढळ हाताने दहा धरा. औष्णिक केंद्रात ती तयार करायला जळणारे इंधन तीन लिटर पेट्रोलच्या तोडीचे होईल. फ्रान्सने २०२३ पासून, जिथे आगगाडी अडीच तासांच्या आत पोचवते अशा काही मार्गांवरची विमानसेवा कायद्याने बंद केली, ती याच हिशेबापायी.

राहिला धोका. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर मिनिटभरात कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचेही काही गेले. त्यानंतर काही दिवसांनी एका शिक्षक मित्रांनी आम्हांला विचारले, “सुटीत अहमदाबादला बहिणीकडे जायचंय. विमान नको म्हणते ही. मुलांना घेऊन मोटारीनेच जावं का?” हा प्रश्न भाबडा नाही. दोन मुलांच्या जिवाचा विचार त्यात आहे.

धोक्यालाही स्थिर आकार असतो. विमानाचे बहुतेक अपघात चढताना किंवा उतरताना होतात, मधला पल्ला तुलनेने निर्धोक असतो. म्हणजे धोका किलोमीटरवर फारसा अवलंबून नाही, उड्डाणांच्या संख्येवर आहे. मोटारीचे उलट आहे. तिथे स्थिर आकार जवळजवळ नाही, पण प्रत्येक किलोमीटरला थोडा धोका जमा होत जातो. इयान सॅव्हेज या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील २००० ते २००९ या काळाचा हिशेब मांडला आहे. दर एक अब्ज प्रवासी-मैलांमागे मोटारीत सुमारे ७.३ मृत्यू, रेल्वेत ०.४ आणि विमानात ०.०७. आपले उड्डाण जवळचे, म्हणून विमानाचा आकडा तिप्पट करू. तरीही तो मोटारीच्या तिसाव्या हिश्श्याहून लहान राहतो. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण आपले रस्ते त्यांच्याहून सुरक्षित आहेत, असे कोण म्हणेल? २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे रोज चारशे साठच्या वर. यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आणि त्याखालोखाल पादचाऱ्यांचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मोटारीत बसलेल्यांचा वाटा त्या मानाने कमी. तरीसुद्धा २ जून २०२३ च्या बालासोर रेल्वे अपघातात जितकी माणसे गेली, त्याहून अधिक आपले रस्ते रोज नेतात. फक्त ती एका जागी जात नाहीत, म्हणून पहिल्या पानावर येत नाहीत.

भीतीने वाहन बदलले की काय होते, याचा दाखला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकन लोकांनी विमान सोडून मोटार धरली. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यापायी रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा माणसे दगावली. अपहृत विमानांतील प्रवाशांच्या संख्येच्या कितीतरी पट.

म्हणून मित्रांना आम्ही सांगितले, आगगाडीने जा. आणि मोटारीनेच जायचे ठरले, तर दिवसा जा, आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधा. याच महामार्गावर पालघर जिल्ह्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. पडणाऱ्या वस्तूला हा वेग यायला किती उंची लागते, ते विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर ३९ मीटर, म्हणजे तेरा मजली इमारत. गच्चीच्या कठड्याशी मुलाला आपण हात धरून उभे करतो, मागच्या आसनावर मात्र मोकळे सोडतो.

मित्रांना आगगाडीची तिकिटे मिळाली नाहीत, हा भाग वेगळा. आरक्षण हाही एक स्थिर आकारच. नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी ते खुले होते आणि सुट्यांच्या दिवसांत भराभर संपते. आमच्या आलेखात त्याला जागा नव्हती.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. पनवेलला राहणारे एक कुटुंब आणि बोरिवलीला राहणारे दुसरे, दोघांनाही अहमदाबादला जायचे आहे. वंदे भारत बोरिवलीला थांबते. दोन्ही कुटुंबांचे स्थिर आकार अंदाजाने ठरवून दोन वेगळे आलेख काढायला सांगा. रेषांचे चढ सारखेच राहतील, छेदनबिंदू मात्र घराघराला बदलतील. मग तेच आपल्या गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत, एसटी, मोटारसायकल आणि सहा आसनी रिक्षा घेऊन करता येईल. एसटीच्या रेषेत फाट्यावरची वाट पाहणे किती मिनिटांचे धरायचे, यावर वर्गात बराच वाद होईल. तो होऊ द्यावा, आणि आठवडाभर घड्याळ लावून मोजायला सांगावे.