घरातील पहिली सराउंड ध्वनिव्यवस्था : मर्यादा आधी, खरेदी नंतर

चौविहार पाळणाऱ्या घरांत संध्याकाळ मोठी असते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, प्रतिक्रमण होते, दुकान बंद करून मंडळी घरी परततात आणि साडेआठ ते दहा हा काळ सर्वांनी एकत्र बसण्याचा असतो. या दीड तासात दिवाणखान्यात एखादा चित्रपट, ऐतिहासिक मालिका, क्रिकेटचा सामना किंवा महाराजसाहेबांचे ध्वनिमुद्रित प्रवचन सुरू असते. बहुतेक घरांत आता मोठ्या पडद्याचा सपाट टीव्ही आला आहे. चित्र सुरेख दिसते, पण आवाजाची तक्रार मात्र घरोघरी ऐकू येते. नातवंडे आवाज वाढवतात, सूनबाई तो कमी करतात आणि आजी थोड्या वेळाने ‘झोप आली’ म्हणून उठून जातात. खरे तर त्यांना झोप आलेली नसते, पडद्यावरील माणसे काय बोलत आहेत हे कळेनासे झालेले असते.

सराउंड ध्वनिव्यवस्था घेण्याचा विचार बहुधा तरुण पिढीच्या हौसेतून सुरू होतो. त्या हौसेत गैर काही नाही. परंतु पहिली व्यवस्था निवडताना ‘घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला मध्यम आवाजात प्रत्येक वाक्य समजले पाहिजे’ ही कसोटी लावली, तर पैसाही वाचतो आणि संध्याकाळची बैठकही अखंड राहते.

संवाद का हरवतात?

याची दोन कारणे आहेत. टीव्ही जितका पातळ झाला तितकी त्यातील स्पीकरची जागा आक्रसली. हे छोटे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यामुळे आवाज सरळ श्रोत्याकडे न येता भिंतीवर व फरशीवर आपटून येतो. दुसरे कारण वयाचे आहे. वाढत्या वयात प्रथम उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येणे कमी होते. स, श, फ, त यांसारखी व्यंजने याच पट्ट्यात येतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात, म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी अवस्था होते. अशा वेळी केवळ आवाज वाढवल्यास पार्श्वसंगीत आणि ढोलाचे ठोकेही वाढतात व संवाद पुन्हा त्याखाली दबतात. तक्रार समोरासमोरच्या बोलण्यातही असेल, तर खरेदीआधी कानांची तपासणी करून घ्यावी. यंत्र त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

सराउंड व्यवस्थेचा खरा लाभ येथे दिसतो. ‘5.1’ या संज्ञेतील पाच म्हणजे पुढे डावा, मध्य व उजवा आणि बाजूला वा मागे दोन असे पाच स्वतंत्र ध्वनिमार्ग. ‘.1’ म्हणजे केवळ खोल, घुमणाऱ्या ध्वनींसाठीचा सहावा मार्ग. तो सबवूफरकडे जातो. 1992 मधील ‘बॅटमॅन रिटर्न्स’ हा डॉल्बी डिजिटल पद्धतीने प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट. पुढे ही पद्धत चित्रपटगृहांतून घरात आली. या पाचांपैकी मधला स्पीकर घरासाठी सर्वांत मोलाचा, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्यातूनच येतात. मधला मार्ग स्वतंत्र असला की संगीत न वाढवता केवळ बोलणे ठळक करता येते. म्हणून मागच्या स्पीकरांच्या चमत्कृतीपेक्षा मधल्या स्पीकरच्या स्पष्टतेकडे आधी लक्ष द्यावे.

रोजमेळ तपासावा

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे आणि भोगोपभोगाचे परिमाण सांगितले आहे. त्यात मर्यादा आधी ठरते आणि वस्तू नंतर येते. दुकानात मात्र नेमके उलटे घडते. वस्तू आधी दाखवली जाते आणि मर्यादा तिच्यामागे सरकत जाते. वीस हजारांसाठी गेलेले कुटुंब ‘आणखी थोडेच तर आहेत’ असे ऐकत पस्तीस हजारांवर पोहोचते. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच आकडा कागदावर लिहावा आणि त्या आकड्यात तारा, जोडणी व खोलीची तयारी यांचाही खर्च धरावा.

व्यापारी माल भरण्यापूर्वी विक्री पाहतो, त्याचप्रमाणे येथेही एक आठवडा घरात काय काय पाहिले जाते याची नोंद करावी. बातम्या, प्रवचने, स्तवने, जुने चित्रपट आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती बहुतेक दोन मार्गांच्याच ध्वनीत असतात, तर अनेक जुन्या चित्रपटांचा मूळ ध्वनी एकाच मार्गाचा असतो. खरा 5.1 ध्वनी मुख्यतः नव्या चित्रपटांत आणि मालिकांत मिळतो. नोंदीत अशा कार्यक्रमांचा वाटा अल्प असेल, तर मधल्या मार्गासह येणारा ‘3.1’ साउंडबार पुरेसा आहे. त्यात पुढचे तीन मार्ग व सबवूफर असतो, मागचे स्पीकर नसतात.

तीन वाटा

पहिली वाट याच ‘3.1’ साउंडबारची. तारा कमी, जागा थोडी आणि संवाद स्पष्ट. लहान दिवाणखान्याला हा पर्याय शोभतो. साध्या ‘2.1’ साउंडबारमध्ये मधला मार्ग नसतो, हे खरेदीपूर्वी पाहावे.

दुसरी वाट तयार ‘5.1’ संचाची. साउंडबार, सबवूफर आणि मागचे दोन स्पीकर एकाच खोक्यात येतात. पहिल्या खरेदीसाठी मध्यमवर्गीय घराला बहुधा हाच पर्याय सोयीचा पडतो. मागचे स्पीकर तारेने जोडलेले असतील, तर तार कोठून न्यायची हे आधी ठरवावे. ते बिनतारी असले तरी प्रत्येकाला विजेचा प्लग बहुधा लागतोच.

तिसरी वाट ए.व्ही. रिसीव्हर आणि सुटे स्पीकर यांची. यात प्रारंभीचा खर्च सर्वांत मोठा असतो, परंतु ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभारता येते. पहिल्या वर्षी रिसीव्हर व पुढचे तीन स्पीकर, पुढे सबवूफर आणि नंतर मागचे दोन. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. तयार संचात सहसा तशी सोय नसते. सर्व भाग एकमेकांसाठीच बनवलेले असल्यामुळे एक निकामी झाला की संपूर्ण संच अडून बसतो. ज्यांना संगीताची खरी गोडी आहे आणि थांबण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठी ही वाट उत्तम आहे.

डॉल्बी अ‍ॅटमॉसचा गवगवा सध्या फार आहे. 2012 मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या या पद्धतीत वरून येणाऱ्या ध्वनीचीही योजना असते. घरगुती संचात त्यासाठी छताकडे तोंड केलेले स्पीकर देतात आणि ध्वनी छतावरून परावर्तित होऊन खाली येतो. छत फार उंच असेल किंवा खोबणी-पायऱ्यांचे सजावटी छत असेल, तर हा परिणाम क्षीण होतो. मर्यादित रकमेत त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची आवश्यकता नाही.

वॅटचे गौडबंगाल

खोक्यावरील मोठा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेले हजारो वॅट क्षणिक शिखराचे असतात आणि ते मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. तुलना करायची ती ‘आरएमएस’ वॅटची. त्यातही एक गणित लक्षात ठेवावे. वॅट दुप्पट केल्याने आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. 300 ऐवजी 400 वॅटच्या संचासाठी पाच हजार अधिक मोजणे म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढ्या फरकाचे मोल देणे होय.

दुकानात दोन संचांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तो नेहमी अधिक चांगला भासतो. विक्रेता बहुधा स्फोटांचा प्रसंग लावतो. त्याला थांबवून परिचित चित्रपटातील संवादाचा प्रसंग हळू आवाजात लावण्यास सांगावे. शक्य असेल तर आजी-आजोबांना बरोबर न्यावे आणि निर्णय त्यांच्या कानांवर सोपवावा.

खोलीची तयारी

चकचकीत फरशी, मोकळ्या भिंती आणि मोठ्या काचा हे आपल्या दिवाणखान्यांचे आजचे रूप आहे. अशा खोलीत टाळी वाजवली तर तिचा प्रतिध्वनी घुमतो. तोच प्रतिध्वनी संवादांनाही गढूळ करतो. सोफ्यासमोर जाड सतरंजी, खिडकीला वजनदार पडदे आणि भिंतीजवळ पुस्तकांचे कपाट एवढ्याने पडणारा फरक संच बदलून पडणाऱ्या फरकाएवढा असू शकतो. यांपैकी काही वस्तू घरात आधीच असतात, त्यांची फक्त जागा बदलावी लागते.

मधला स्पीकर किंवा साउंडबार टीव्हीच्या अगदी खाली, समोर अडथळा न येता ठेवावा, कपाटाच्या आत ढकलू नये. पुढचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्यापासून मध्यरेषेच्या प्रत्येकी 30 अंशांवर आणि सराउंड स्पीकर 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानांच्या बाजूला किंचित मागे, असावेत. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर हे स्पीकर बाजूच्या भिंतींवर कानांपेक्षा थोडे उंच लावावेत. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास घुमारा वाढतो आणि तो शेजाऱ्यांच्या भिंतीतूनही जातो, म्हणून सामाईक भिंतीपासून तो दूर असावा.

टीव्हीशी जोडणी करताना ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असे लिहिलेल्या एचडीएमआय खाचेचा उपयोग करावा. त्यामुळे बहुतेक वेळा टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-अधिक करता येतो आणि वृद्धांना दोन रिमोटांचा घोळ राहत नाही. टीव्ही जुना असेल तर ऑप्टिकल तारेनेही साधा डॉल्बी डिजिटल 5.1 ध्वनी मिळतो. ब्लूटूथवर मात्र सहसा दोनच मार्ग मिळतात. टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडले आहे ना, हे पाहून घ्यावे. अन्यथा मागचे स्पीकर गप्प राहतात आणि दोष संचाला दिला जातो.

हप्त्याचा हिशेब

‘विनाव्याज हप्ता’ ही पाटी आज प्रत्येक दुकानात आहे. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते. व्याज कोठेतरी दडलेले असते. समजा, संचाची किंमत 24,000 रुपये असून रोखीने तो 22,500 ला मिळतो. हप्त्याने घेतल्यास दरमहा 2,000 प्रमाणे बारा महिने भरायचे आणि प्रारंभी 200 रुपये प्रक्रिया शुल्क व त्यावर 36 रुपये जीएसटी. म्हणजे 1,736 रुपये अधिक गेले. मुद्दल दरमहा घटत असल्यामुळे हा दर वर्षाला सुमारे 14 टक्के पडतो. क्रेडिट कार्डाचा हप्ता असेल तर व्याजाच्या भागावर जीएसटीही लागतो. सहा महिने रक्कम बाजूला ठेवून रोखीने घेणे हाच किफायतशीर मार्ग.

व्यापारी घरांत आणखी एक मोह असतो, तो म्हणजे बिल पेढीच्या नावाने घेऊन जीएसटीची वजावट मिळवण्याचा. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर अशी वजावट कायद्याच्या कलम 17(5) नुसार मिळत नाही. बिल घरातील व्यक्तीच्या नावाने, अनुक्रमांकासह घ्यावे आणि कंपनीचे सेवाकेंद्र आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात आहे का, हे त्याच वेळी विचारावे.

30,000 रुपयांची मर्यादा असलेल्या घराने तयार 5.1 संचासाठी 20,000, पडदे व सतरंजीसाठी 4,000, एचडीएमआय तार, संरक्षक विद्युतपट्टी व भिंतीवरील आधारांसाठी 2,000 अशी विभागणी करावी. उरलेले 4,000 शिल्लक ठेवावेत, ते खर्च करण्यासाठी कारण शोधू नये.

आवाजाची मर्यादा

रकमेप्रमाणेच आवाजालाही परिमाण हवे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. बहुतेक संचांत ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे ध्वनी दाबतो व हळू ध्वनी उचलतो, त्यामुळे कमी आवाजातही संवाद कळतात. दहानंतर तो सुरू करावा आणि सबवूफर अगदी कमी ठेवावा. घरात कोणी सामायिकाला बसले असेल तर ती 48 मिनिटे संच बंद असावा. हा नियम संच घरी येण्यापूर्वीच सर्वांनी मान्य केलेला बरा.

जोडणी झाल्यावर पहिल्या आठवड्यात मधल्या मार्गाचा आवाज थोडा थोडा वाढवून पाहावा आणि आजींना प्रत्येक वेळी विचारावे. त्यांना वाक्ये सहज कळू लागली की तेवढ्यावर थांबून ती मांडणी कागदावर लिहून ठेवावी. कार्यक्रम संपेपर्यंत त्या दिवाणखान्यात बसून राहिल्या, तर संचाची निवड योग्य झाली असे समजावे.