लघुग्रहाचं बारसं

घरी बाळ आलं की बाराव्या दिवशी पाळणा सजतो. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग घुगऱ्या वाटल्या जातात. आकाशातल्या लघुग्रहांचंही असंच बारसं होतं बरं का! फक्त त्यांचा 'बारावा दिवस' कधी कधी सत्तावीस वर्षांनी उजाडतो. एवढा उशीर का होतो? नाव कोण ठेवतं? आणि कोणाचं ठेवतात? चला, बघू या.

आधी लघुग्रह म्हणजे काय ते पाहू. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरत असतात. तेच लघुग्रह; काही थोडे या पट्ट्याबाहेरही फिरतात. पहिला सापडला 1 जानेवारी 1801 रोजी, इटलीतल्या पालेर्मो शहरात. ज्युसेप्पे पियाझ्झी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने तो शोधला आणि त्याला सेरेस या रोमन देवीचं नाव मिळालं. मग पॅलस, जुनो, व्हेस्टा अशा देव्यांची रांगच लागली. पण लघुग्रह सापडतच राहिले आणि देव्या कमी पडू लागल्या! मग नद्या, शहरं, शास्त्रज्ञ, कवी, खेळाडू, गायक अशी सगळ्यांची नावं यादीत येऊ लागली.

गायकसुद्धा? हो! बीदर जिल्ह्यातल्या मुलांनी हुमनाबादजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात शास्त्रीय गाणं ऐकलं असेल. त्याच शास्त्रीय संगीतातले एक फार मोठे गायक म्हणजे पंडित जसराज. त्यांचा जन्म 28 जानेवारी 1930 चा, आजच्या हरियाणातला. पण लहानपण गेलं हैदराबादेत. त्या काळी बीदर, गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) आणि हैदराबाद हे सगळं निजामाच्या एकाच संस्थानात होतं. जसराज चार वर्षांचे असतानाच त्यांचे वडील, पंडित मोतीराम, वारले. शाळेच्या वाटेवर एका हॉटेलात बेगम अख्तर यांची गझल वाजत असे. छोटा जसराज ती ऐकत तिथेच थांबायचा आणि शाळा राहून जायची! पुढे ते मुंबईला स्थायिक झाले आणि जगभर गायले.

सप्टेंबर 2019 मध्ये एका लघुग्रहाला त्यांचं नाव मिळालं: पंडितजसराज. दोन शब्द जोडून एकच केला आहे, कारण लघुग्रहाचं नाव शक्यतो एका शब्दाचं असावं आणि रोमन लिपीत ते 16 अक्षरांपेक्षा लांब नसावं, असा नियम आहे. या लघुग्रहाचा क्रमांक आहे 300128. त्याच्या दोन-दोन अंकांच्या जोड्या करा आणि मागून वाचा. 28, 01, 30. अरे, ही तर पंडितजींची जन्मतारीख!

आता या लघुग्रहाचा प्रवास सुरुवातीपासून बघू. अमेरिकेतल्या दुर्बिणीने तो पहिल्यांदा टिपला 11 नोव्हेंबर 2006 रोजी. लघुग्रह टिपतात कसा? आकाशाच्या एकाच भागाचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढतात. तारे एकमेकांच्या तुलनेत जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका मात्र जरासा सरकलेला दिसतो. तो लघुग्रह असू शकतो!

नवा ठिपका सापडला की त्याला लगेच एक तात्पुरती खूण मिळते. पंडितजींच्या लघुग्रहाची खूण होती '2006 व्हीपी 32'. दिसायला अवघड, पण उलगडायला एकदम सोपी. 2006 हे वर्ष. पुढचं अक्षर पंधरवड्याचं. 1 ते 15 जानेवारी म्हणजे 'ए', 16 ते 31 जानेवारी म्हणजे 'बी', फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा 'सी', दुसरा 'डी'. असंच पुढे जायचं, फक्त 'आय' गाळायचा, कारण तो 1 या आकड्यासारखा दिसतो. वर्षाचे 24 पंधरवडे 'वाय'पर्यंत संपतात. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा येतो 'व्ही'वर. 14 नोव्हेंबरचा बालदिनसुद्धा 'व्ही'चाच! कलबुर्गी आणि बीदरमध्ये 17 सप्टेंबरला कल्याण कर्नाटक उत्सव असतो, त्या दिवसाचं अक्षर 'एस'. तुमच्या वाढदिवसाचं कोणतं? वहीत मांडून बघा.

दुसरं अक्षर सांगतं की त्या पंधरवड्यात हा ठिपका कितवा सापडला. 'आय' सोडून 'ए' ते 'झेड' ही 25 अक्षरं. 'पी' पंधरावं. आणि 32 म्हणजे पंचवीसची ही फेरी आधीच 32 वेळा पुरी झालेली. 25 गुणिले 32 म्हणजे 800, अधिक 15. म्हणजे त्या एका पंधरवड्यातला हा 815 वा ठिपका!

पण खूण मिळाली म्हणजे नाव मिळालं असं नाही. हा लघुग्रह पुन्हा दिसेल का, कुठे दिसेल, हे अचूक सांगता यायला हवं. त्यासाठी त्याचा मार्ग पक्का करावा लागतो. मधेच तो सूर्याच्या बाजूला जातो आणि महिनोन्‌महिने दिसत नाही. परत आला की पुन्हा मोजमाप. असं बरीच वर्षं चालतं. मार्ग पक्का झाला की कायमचा क्रमांक मिळतो. त्यानंतर शोधणाऱ्याला नाव सुचवायचा हक्क असतो, तो दहा वर्षांसाठी. सुचवलेलं नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती तपासते. नाव कोणाचं, का ठेवायचं, हे थोडक्यात लिहून द्यावं लागतं. आजवर सात लाखांहून जास्त लघुग्रहांना क्रमांक मिळालेत, पण नावं मिळालीत ती सुमारे पंचवीस हजारांनाच.

समितीचे काही नियम तर ऐकण्यासारखे आहेत. शोधणारा स्वतःचं नाव ठेवत नाही. कोणत्याही कंपनीची किंवा मालाची जाहिरात चालत नाही. पाळलेल्या कुत्र्या-मांजरांची नावं नकोत. आणि राजकारण किंवा लढाया यांच्यामुळे प्रसिद्ध झालेल्या माणसाला, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं होईपर्यंत थांबावं लागतं!

म्हणजे बघा, कितीही मोठा सत्ताधीश असला तरी त्याला रांगेत उभं राहावं लागतं. सत्ताधीशांवरून आठवलं: गुलबर्ग्याहून राज्य करणारा बहमनी सुलतान फिरोजशहा याला ग्रहताऱ्यांची फार आवड होती. 1407 च्या सुमारास त्याने दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घेतली, पण ते काम अपुरंच राहिलं. आकाश न्याहाळायची हौस आपल्या भागाला सहाशे वर्षांपासून आहे तर!

गाणारे, खेळणारे, गणित सोडवणारे यांना मात्र शंभर वर्षं थांबायची गरज नाही. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचंच घ्या. जपानमधल्या केंझो सुझुकी यांनी 1988 मध्ये एक लघुग्रह शोधला, आणि 2015 मध्ये त्याला नाव मिळालं विशीआनंद. हेच ते सत्तावीस वर्षांनी झालेलं बारसं. शोधणारा जपानी, खेळाडू भारतीय! कोलंबिया अंतराळयान 2003 मध्ये परत येताना कोसळलं. त्यातल्या सातही अंतराळवीरांची नावं लागोपाठच्या सात लघुग्रहांना दिली आहेत. त्यातला 51826 क्रमांकाचा आपल्या कल्पना चावलाचा. आणि कर्नाटकातलं नाव हवं असेल तर 215884 क्रमांकाचा लघुग्रह बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले शास्त्रज्ञ जयंत मूर्ती यांच्या नावाचा आहे.

भारतातून कोणी लघुग्रह शोधले का? शोधले की! 1861 मध्ये मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचं नाव एशिया. पॉगसन यांनी 1885 पर्यंत मद्रासहून आणखी चार शोधले. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं काहीच नाही. मग 17 फेब्रुवारी 1988 रोजी तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन यांनी एक नवा लघुग्रह टिपला. क्रमांक 4130, नाव रामानुजन. गणितात रमलेल्या श्रीनिवास रामानुजन यांचं.

आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या अगदी जवळचा माणूस. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, शाळा कर्नाटकातल्या हुबळीत. पुढे ते अमेरिकेत मोठे खगोलशास्त्रज्ञ झाले. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावरून रात्रीमागून रात्री आकाश तपासणारी झ्विकी ही मोहीम त्यांनी उभी केली. त्याच मोहिमेत जानेवारी 2020 मध्ये एक आगळाच लघुग्रह सापडला. त्याची पूर्ण कक्षा शुक्राच्या कक्षेच्या आत आहे. असा लघुग्रह याआधी कोणालाच दिसला नव्हता! त्याचं नाव कोणी ठेवावं? पालोमार ही पौमा नावाच्या आदिवासी लोकांची पूर्वापार भूमी. म्हणून त्यांनाच विचारलं. त्यांनी आपल्या भाषेतलं नाव दिलं, आयलोचाखनिम, म्हणजे शुक्राची मुलगी.

आणि मुलांचं काय? बेन्नू या लघुग्रहाचं नाव 2013 मध्ये अमेरिकेतल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने सुचवलं. शाळकरी मुलांच्या स्पर्धेत हजारो नावांतून ते निवडलं गेलं. याच बेन्नूवरची माती 2023 मध्ये यानाने पृथ्वीवर आणली. अमेरिकेतल्या मोठ्या विज्ञान स्पर्धांत उत्तम प्रकल्प करणाऱ्या शाळकरी मुलांची नावंही लघुग्रहांना दिली गेली आहेत, आणि त्यांच्या शिक्षकांचीसुद्धा!

लघुग्रह शोधायलाही मोठं व्हावं लागत नाही. दुर्बिणीने काढलेले आकाशाचे फोटो विद्यार्थ्यांना मोफत देणारी एक आंतरराष्ट्रीय शोधमोहीम आहे. विद्यार्थी संगणकावर सरकणारे ठिपके शोधतात. 2020 मध्ये सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी असाच एक नवा लघुग्रह टिपला.

तेव्हा दोस्तांनो, पैसे घेऊन 'ताऱ्याला तुमचं नाव देतो' म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. आकाशातलं नाव विकत मिळत नाही. ते कामाला मिळतं, मग ते काम गाणं असो, बुद्धिबळ असो की गणित. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, तुम्ही कुठेही राहत असा, विज्ञानाच्या शिक्षकांना या शोधमोहिमेबद्दल विचारा आणि चार मित्रांचा गट करा. तोवर गच्चीवर जाऊन तारे ओळखायला लागा. न सरकणारे नीट ओळखता आले, तरच सरकणारा सापडेल. आणि सापडलाच, तर त्याला कोणाचं नाव द्याल, ते आजच ठरवून ठेवा. फक्त तुमच्या मांजरीचं नको!