पाहुण्यासमोर कोण भांडणार?

आमच्या ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवतो. कुणाचा सोलो कापला की तालमीत तोंडं फुगलीच! बीटल्सचंही वेगळं नव्हतं. १० जानेवारी १९६९ रोजी जॉर्ज हॅरिसन ट्विकनहॅमच्या स्टुडिओतून सरळ निघून गेला. मनधरणी झाली, पण परतला तो अटी घालूनच: टीव्हीसाठीचा जाहीर कार्यक्रम रद्द, तालीम सॅव्हिल रो रस्त्यावरच्या आपल्याच तळघरात. तिथं पाहुणा वादक बिली प्रेस्टन येऊन कीबोर्डवर बसला आणि चौघं एकदम शहाण्यासारखे वागू लागले. (कीबोर्डवाल्याला जास्त श्रेय देतोय म्हणाल, पण हॅरिसनचंही मत हेच होतं.) ३० जानेवारीला पाचही जण गच्चीवर वाजवत होते. वाद चिघळला की बाहेरचा ढोलकीवाला बोलवा, असं मी आमच्या मॅनेजरला सांगतो. तो आधी मानधन विचारतो.